फोटो एडिटिंगची सुरुवात पांढऱ्या रश्श्यापासून

आमच्या वहिनींनी रविवारपुरतं घरगुती मटण थाळीचं पार्सल सुरू केलं आणि पहिल्याच रविवारी स्टेटसला थाळीचा फोटो टाकला. तांबडा रस्सा ठीक होता, सुकं मटण ठीक होतं, पण पांढरा रस्सा म्हणजे निव्वळ हळदीचं दूध. मी फोन केला तर म्हणाल्या, "भावजी, फोटो तर नीटच काढलो की मी, मोबाईलच तसला हाय त्याला काय करू." मोबाईलची काही चूक नव्हती. ओट्यावर जुना पिवळा बल्ब, त्याच्याखाली थाळी ठेवली की सगळंच पिवळं येणार. मग त्यांनी स्वतःच एडिट करायला घेतलं, एक फिल्टर लावला, त्यावर दुसरा, त्यावर ब्राइटनेस, आणि शेवटी रस्सा पांढरा झाला खरा पण तांबडा रस्सा जांभळट पडला आणि भाकरी निळी. निळी भाकरी कोण ऑर्डर करणार?

तर त्या संध्याकाळी तासभर बसून त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय. मी काही मोठा फोटोग्राफर नाही, कॉलेजला असताना कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत दोन वर्षं लग्नाच्या अल्बमचं काम केलं, दिवसाला दोन-तीनशे फोटो हाताखालून जायचे, तेवढीच शिदोरी. तिथं एक गोष्ट डोक्यात बसली, फोटो उघडल्या उघडल्या स्लायडर ओढायचा नाही, आधी बघायचं की ह्याला झालंय काय. वाकडा आहे? अंधारा आहे? रंग बिघडलाय? का कोपऱ्यात प्लॅस्टिकची बादली आलीय? जे बिघडलंय तेवढंच दुरुस्त करायचं आणि क्रम पाळायचा: आधी सरळ करणं आणि कापणं, मग उजेड, मग रंग, मग एखाद्याच जागेपुरतं काम, मग साफसफाई, सगळ्यात शेवटी शार्प करणं आणि सेव्ह. वहिनींनी नेमकं उलटं केलं होतं, रंगावर रंग चढवत गेल्या आणि मूळ पिवळेपणा तसाच खाली राहिला.

अ‍ॅप कुठलं घ्यायचं यावर लोक उगाच भांडतात. गुगलचं स्नॅपसीड फुकट आहे आणि नवशिक्याला पुरून उरतं, मी पुढं बहुतेक त्यातलीच नावं वापरणार आहे. अडोबीचं लाइटरूम मोबाईलवर बऱ्यापैकी फुकट वापरता येतं, काही टूल्सना पैसे पडतात. कॉम्प्युटर असेल तर गिम्प फुकट आहे, फोटोशॉप विकतचं. फोनच्या गॅलरीतला एडिटरसुद्धा आता वाईट राहिलेला नाही. नावं सगळीकडं जवळपास तीच, एकदा हायलाइट्स म्हणजे काय कळलं की कुठल्याही अ‍ॅपमध्ये सापडतं, फक्त अपडेट आलं की बटणं इकडची तिकडं होतात तेवढं शोधायचं.

सुरू करायच्या आधी दोन मिनिटं

फोनचा तो रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून लावलेला पिवळा मोड असतो ना, आय कम्फर्ट म्हणा नाईट लाइट म्हणा, तो आधी बंद करा. तो चालू ठेवून रंग सुधारणं म्हणजे काळा गॉगल घालून साडी निवडणं. स्क्रीनचा ब्राइटनेस फुल पण नको आणि अगदी कमी पण नको, मध्यावर ठेवा, ऑटो बंद करा, आणि उन्हात बसून एडिट करू नका. हे मी अनुभवानं सांगतोय. चुलत बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो मी रात्री अंथरुणात पडून फुल ब्राइटनेसवर एडिट केले, स्क्रीनवर झक्कास, प्रिंट आल्या तर सगळी मंडळी कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी. काकूंनी अजून तो विषय सोडलेला नाही.

दुसरं, मूळ फोटोला हात लावायचा नाही. सेव्ह करताना 'सेव्ह अ कॉपी' निवडायचं. जेपेग फाईल, म्हणजे फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार, दरवेळी बदलून नव्यानं सेव्ह झाली की थोडी माहिती टाकून देते, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स, असं चार-पाच वेळा झालं की निळ्या आकाशात चौकोन चौकोन दिसायला लागतात. त्यामुळं एडिट करायचं तर प्रत्येक वेळी मूळ फोटोपासून.

वाकडा फोटो सरळ करा

रंकाळा तलावावरचे नव्वद टक्के फोटो वाकडे असतात असं मी म्हणेन, म्हणजे मोजलेले नाहीत, पण बघा तुम्ही. चौपाटीवर उभं राहून एका हातात भेळ आणि एका हातात फोन, पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटतं. क्रॉपच्या शेजारी रोटेट असतं, त्यात अर्धा-एक अंश फिरवला तरी फरक पडतो. स्नॅपसीडमधलं रोटेट उघडल्या उघडल्या स्वतःच अंदाजानं सरळ करून दाखवतं पण त्याच्यावर सोडून देऊ नका.

इथं एक गंमत आहे. पलीकडचा काठ बघून फोटो सरळ करायला गेलं तर कधी कधी फसायला होतं, कारण तुम्ही तिरके उभे असला तर काठ लांब जाताना खरंच तिरका दिसतो, तो तसाच दिसला पाहिजे. अशा वेळी उभी गोष्ट शोधायची. संध्यामठाचे खांब फ्रेममध्ये असतील तर ते सरळ उभे आले की फोटो सरळ, काठाचं काय व्हायचं ते होऊ दे. दिव्याचा खांब, दाराची चौकट, काहीही चालतं, फक्त ते फोटोच्या मधल्या भागातलं घ्या, कडेच्या गोष्टी लेन्समुळं मुळातच थोड्या झुकलेल्या असतात.

देवळाचं शिखर किंवा भवानी मंडपाची कमान खालून काढली की ती मागं पडल्यासारखी दिसते, वर निमुळती. फोन वर तिरका केला की हे होणारच. पर्स्पेक्टिव्ह नावाच्या टूलमध्ये व्हर्टिकल थोडं ओढलं की भिंती उभ्या होतात. पण थोडंच. पूर्ण सरळ केलं की वरचा भाग बोजड दिसायला लागतो, आणि आपण खालून वर बघतोय हे डोळ्याला ठाऊक असतं त्यामुळं थोडी निमुळती कमान खटकत नाही. शिवाय दोन्ही कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच आजूबाजूला जागा सोडून काढत जा.

कापायचं किती, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. साधा हिशोब बघा. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० ठिपके. चांगल्या प्रिंटला एका इंचात ३०० ठिपके धरतात, म्हणजे हा फोटो १३ बाय १० इंचापर्यंत मस्त निघेल. तुम्ही रुंदी अर्धी, उंची अर्धी कापली तर उरले २००० बाय १५००, म्हणजे ३ मेगापिक्सेल, चौथा हिस्सा, आणि प्रिंट फक्त साडेसहा बाय पाच इंच. मोबाईलवर बघायला ते भरपूर आहे, भिंतीवर लावायला नाही. आणि ४ बाय ६ ची प्रिंट काढायची असेल तर लक्षात ठेवा की मोबाईलचा फोटो ४ बाय ३ च्या मापात असतो, प्रिंटचं माप वेगळं, तेव्हा क्रॉपमध्ये ३ बाय २ निवडून तुम्हीच कापा, नाहीतर दुकानातलं मशीन कुणाचातरी फेटा कापणार. ग्रुप फोटोत तर हमखास.

उजेड

आता खरं काम. स्नॅपसीडमध्ये ट्यून इमेज उघडा, फोटोवर बोट वर-खाली केलं की यादी येते, आडवं सरकवलं की कमी-जास्त होतं. यादीत ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातला फरक), सॅच्युरेशन, अँबियन्स, हायलाइट्स (फोटोतले उजळ भाग), शॅडोज (अंधारे भाग), वॉर्म्थ. शिवाय एका कोपऱ्यात छोटा डोंगरासारखा आलेख असतो, हिस्टोग्राम. त्याला घाबरू नका, तो फक्त मोजणी आहे. डावीकडं काळे ठिपके, उजवीकडं पांढरे, मध्ये मधले, ० पासून २५५ पर्यंत, ज्या उजेडाचे ठिपके जास्त तिथं डोंगर उंच. सगळा डोंगर डावीकडं रेललाय तर फोटो अंधारा. उजवीकडच्या भिंतीला चिकटून सरळ वर चढलाय तर तिथं पांढरं जळालंय.

जळालंय म्हणजे काय ते समजून घ्या कारण नवशिक्यांचा निम्मा वेळ इथं जातो. रंकाळ्यावरचा सूर्यास्त काढला, मित्राच्या चेहऱ्यावर टॅप करून काढला, तर फोन चेहऱ्यासाठी उजेड वाढवतो आणि आकाश पांढरंफट्ट होतं. त्या ठिकाणी २५५ शिवाय काही साठवलेलंच नाही. आता हायलाइट्स कितीही खाली ओढा, केशरी रंग परत येणार नाही, राखाडी डाग येईल. विहिरीतच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार. उलट अंधाराचं मात्र बऱ्यापैकी परत येतं. म्हणून काढतानाच आकाशावर टॅप करा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा, फोटो जरा अंधारा येऊ दे, आणि एडिट करताना शॅडोज वाढवून माणूस उजेडात आणा. शॅडोजपण प्रमाणात, फार ओढलं की काळ्या भागात रवाळ दाणे दिसतात आणि सावली कुठं पडलीय तेच कळेनासं होतं.

क्रम माझा असा: आधी ब्राइटनेस अंदाजे जागेवर, मग हायलाइट्स थोडे कमी, मग शॅडोज थोडे जास्त, आणि ह्या दोन्हीमुळं फोटो सपक झाला तर मग कॉन्ट्रास्ट चिमूटभर. कॉन्ट्रास्ट आधी वाढवायचा नाही, मीठ शेवटीच चाखून घालायचं. अँबियन्स हा स्नॅपसीडचा स्वतःचा मसाला आहे, उजेड, कॉन्ट्रास्ट आणि रंग तिन्हीला एकदम हात लावतो, सुरुवातीला त्याच्या नादाला लागू नका कारण काय बदललं तेच कळत नाही.

माझा आतेभाऊ कोल्हापुरी चपला ऑनलाईन विकतो, त्याचा प्रश्न वेगळाच होता. "भावा, पांढऱ्या कार्डपेपरवर ठेवतो तरी कागद मळका येतोय, नवीन कागद आणला तरी तेच." कागद मळका नव्हताच. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही, तो समोरच्या सगळ्याचा उजेड सरासरीनं मधल्या राखाडीवर आणून ठेवतो, त्यामुळं भरपूर पांढरं समोर असलं की तो उजेड कमी करतो आणि कागद राखाडी येतो. उलट काळ्या म्हशीचा फोटो काढा, म्हैस राखाडी येते, तेच कारण. तर पांढऱ्यावरच्या वस्तूचा ब्राइटनेस बिनधास्त वाढवा. पण हिस्टोग्राम बघत. कागदाचा डोंगर उजव्या भिंतीच्या जरा अलीकडं थांबला पाहिजे, २४० च्या आसपास म्हणा. भिंतीला टेकवला की चपलेची फिक्या रंगाची वेणी आणि कडेची शिलाई कागदात विरघळून जाते.

रंग, म्हणजे रश्श्याची गोष्ट

व्हाइट बॅलन्स. नाव मोठं आहे पण मुद्दा एवढाच की प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो आणि आपला मेंदू तो वजा करतो, कॅमेऱ्याला ते दरवेळी जमत नाही. हे केल्विनमध्ये मोजतात. जुना पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचं ऊन साडेपाच हजाराच्या आसपास, सावलीतला उजेड सात हजाराच्या पुढं आणि निळसर. आकडे पाठ करायची गरज नाही. फोटो पिवळा आहे तर टेंपरेचरचा स्लायडर निळ्याकडं, निळा आहे तर पिवळ्याकडं. शेजारी टिंट असतो, तो हिरवा आणि गुलाबी यांच्यातला, ट्यूबलाईटखाली चेहरे हिरवट आले की गुलाबीकडं थोडा सरकवा.

सोपा उपाय म्हणजे ड्रॉपर. व्हाइट बॅलन्समध्ये पिचकारीसारखं चिन्ह असतं, ते निवडून फोटोतल्या पांढऱ्या किंवा राखाडी गोष्टीवर ठेवायचं, अ‍ॅप म्हणतं ठीक आहे, हे पांढरं धरू, आणि सगळे रंग त्या हिशोबानं फिरवतं. वहिनींना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच ड्रॉपर पांढऱ्या रश्श्यावर ठेवला. आणि परत भाकरी निळी!

कारण पांढरा रस्सा पांढरा नसतो. तुम्हीच आठवा, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, वर मटणाचं अळणी सूप, त्याला एक सायीसारखी झाक असते, वर तुपाचा तवंग. तो कागदासारखा पांढरा धरला की अ‍ॅप ती साय वजा करायला जातं आणि तेवढा निळेपणा अख्ख्या फोटोवर चढतो. बरं, शेजारची स्टीलची वाटी घ्यावी तर स्टील आरशासारखं, त्यात तांबडा रस्सा दिसतोय, वहिनींचा गाऊन दिसतोय, तिचा भरवसा नाही. मग काय केलं, थाळीच्या कडेला साधा पांढरा कागद ठेवून एक फोटो काढला, त्यावर ड्रॉपर लावला, आणि नंतर क्रॉपमध्ये कागद कापून टाकला. रस्सा साईच्या रंगाचा, तांबडा तांबडा, कांदा-लिंबू जागच्या जागी. लक्षात आलं असेल की मी आधी कापायला सांगितलं होतं आणि इथं क्रम मोडला, तर अशा कामात कागद शेवटी कापायचा, नियम काय आपल्यासाठीच असतात.

आणखी एक, खिडकीचा उजेड आणि बल्ब एकदम चालू असेल तर कुठलाच स्लायडर तुम्हाला वाचवणार नाही, एक बाजू निळी एक पिवळी. बल्ब बंद करा, थाळी खिडकीजवळ न्या. एडिटिंगमधला सगळ्यात मोठा धडा एडिटिंगच्या आधीचा आहे हे मला स्टुडिओत पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं, तेव्हा राग आला होता.

पण म्हणून दिसेल तो पिवळेपणा पुसत सुटू नका. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं आत देवीपर्यंत पोचतात, त्या दिवसांत महाद्वाराबाहेर सगळ्या रस्त्यावर तो सोनेरी तिरका उजेड असतो. अशा वेळी काढलेल्या फोटोवर ड्रॉपर चालवला तर दुपारी बारा वाजता काढल्यासारखा दिसेल, मग काढला कशाला. सांजवेळचा, दिवाळीच्या पणत्यांचा, चुलीपुढचा फोटो, हे पिवळेच हवेत, फार तर किंचित कमी करा.

आता सॅच्युरेशन, म्हणजे जिथं सगळे वाया जातात. स्लायडर ओढला की रंग भडक होतात आणि पहिल्यांदा बघताना लई भारी वाटतं. आतेभावानं चपलांचे फोटो असेच भडक केले होते, पुण्याच्या एका गिऱ्हाईकानं जोड परत पाठवला, म्हणे फोटोत नारिंगी होती, आली तपकिरी. चूक आपलीच. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा तो गव्हाळ तपकिरी रंग हीच तर अस्सल मालाची ओळख, तोच आपण पुसून टाकला. विकायच्या वस्तूला माझा नियम कडक आहे: वस्तू हातात धरायची, खिडकीजवळ उभं राहायचं, स्क्रीन शेजारी धरायची, आणि दोन्ही सारखं दिसेपर्यंतच एडिट.

गुलालाचं तर वेगळंच प्रकरण आहे. चैत्र यात्रेला जोतिबा डोंगरावर गेला असाल तर माहिती आहे, सासनकाठ्या, चांगभलंचा गजर, आणि जमीन, माणसं, आभाळ सगळं गुलाबी. फोन हे बघून गोंधळतो, त्याला वाटतं उजेडच गुलाबी आहे, आणि तो हिरव्याकडं भरपाई करतो, त्यामुळं गुलाल फिका आणि चेहरे आजारी येतात. ड्रॉपर ठेवायला पांढरं काहीच उरलेलं नसतं, धोतरसुद्धा गुलाबी, मग मी माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग झूम करून तिथं ठेवतो, शंभर टक्के बरोबर येत नाही पण जवळ पोचतो. आणि गुलालाचा रंग वाढवायला जाऊ नका. तो मुळातच इतका गडद असतो की लाल रंगाची मोजणी २५५ ला टेकलेली असते, अजून ढकललं की त्यातला भुरभुरीतपणा जातो आणि गालावर ऑइल पेंट फासल्यासारखा सपाट ठिपका दिसतो. उलट सॅच्युरेशन पाच-दहा कमी करा आणि हायलाइट्स उतरवा, दाणा दाणा दिसायला लागतो. करून बघा, खोटं वाटेल.

एकाच जागेपुरतं

कधी सगळा फोटो ठीक असतो फक्त चेहरा अंधारात असतो. तिथं सिलेक्टिव्ह वापरा. चेहऱ्यावर टॅप केलं की एक ठिपका येतो, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहान-मोठं करायचं, मग आडवं सरकवून तेवढाच भाग उजळायचा. हे टूल हुशार आहे, वर्तुळात असलं तरी ठिपक्याखालच्या रंगासारखाच भाग धरतं, म्हणजे गाल उजळतो पण मागची काळी भिंत फारशी नाही. पंधरा-वीसच्या पुढं गेलात तर चेहरा चिकटवल्यासारखा वाटतो. गणपतीच्या मूर्तीवर तर अगदी हलक्या हातानं, मागं लायटिंग असली की मूर्तीचा चेहरा काळा येतो हे खरं, पण कुंभारानं डोळ्यांची आखणी किती जीव लावून केलेली असते, ती धुऊन टाकायची नाही.

साफसफाई, आणि आजोबांच्या मिशा

हीलिंग टूलनं नको ती वस्तू पुसता येते. भरपूर झूम करा, बोट लहान फटकाऱ्यात चालवा. साध्या पार्श्वभूमीवर, म्हणजे आभाळ, भिंत, पाणी, एकदम छान जमतं. महाद्वार रोडवरच्या वायरी आभाळात आहेत तोवर जातात, पण जिथं वायर एखाद्या सज्जावरून जाते तिथं सज्जाची नक्षी पण घेऊन जाते. तिथं नाद सोडा, वायरी राहू देत, कोल्हापूर आहे, वायरी असणारच.

जुन्या फोटोंचं मात्र मला सविस्तर सांगायचंय. आमच्याकडं आजोबांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, फेटा, कोट, हातात काठी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. माझ्या भाच्यानं तो एका फुकटच्या एआय अ‍ॅपमध्ये टाकला, दहा सेकंदात फोटो चकचकीत, रंगीत, सगळ्यांनी वा वा केलं, आणि आजी म्हणाली, "हे कोण?" खरंच, नीट बघितलं तर मिशा झुपकेदार झाल्या होत्या, डोळे मोठे, नाकावरचा व्रण गायब. ही अ‍ॅप फोटो दुरुस्त करत नाहीत, नवा चेहरा काढतात, लाखो चेहरे बघून शिकलेल्या अंदाजावर. ज्याला कुणी जिवंत ओळखणारं उरलेलं नाही अशा माणसाच्या फोटोवर हा प्रयोग करून मूळ फोटो टाकून देणारी माणसं मी बघितलीत, वाईट वाटतं.

तर हातानं करायचं. फोटो काचेतून बाहेर काढा, काढताना चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट राहू दे. खिडकीजवळ सावलीच्या उजेडात टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद, फोन बरोबर वरून समांतर धरा. चमक येत असेल तर फोटो नव्वद अंशात फिरवून बघा. घरी किंवा ओळखीत स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचात ६०० ठिपके, स्कॅन, त्याहून बरं काही नाही. मग ब्लॅक अँड व्हाइट करून टाका म्हणजे जुनाट पिवळे डाग बऱ्यापैकी लपतात, मग कॉन्ट्रास्ट वाढवा कारण जुन्या प्रिंट विटून सगळं राखाडी झालेलं असतं, मग हीलिंगनं ओरखडे, एकेक. चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. आजोबांचा व्रण मी ठेवला, तालमीत पडलेला होता, त्याची आख्खी कथा आहे, ती परत कधीतरी.

शार्प आणि सेव्ह

डिटेल्समध्ये स्ट्रक्चर आणि शार्पनिंग असतं. स्ट्रक्चर म्हणजे पोत उठून दिसणं, दगडी भिंत, चपलेची वेणी, भाकरीचे पापुद्रे यांना छान. माणसाच्या चेहऱ्याला नाही, विशेषतः बायकांच्या, शिव्या खाल. हललेला फोटो शार्प करून सुधारत नाही, फक्त हललेला आणि खरखरीत होतो.

इन्स्टाग्रामला उभा फोटो टाकायचा तर ४ बाय ५ च्या मापात कापा, १०८० बाय १३५० पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो फोटो दाबून लहान करतो, तेव्हा प्रिंटवाल्याला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाईल जशीच्या तशी जाते. फक्त हेही ध्यानात ठेवा की मूळ फाईलमध्ये फोटो कुठं काढला ती जागासुद्धा लिहिलेली असू शकते, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर, म्हणून अनोळखी गिऱ्हाईकाला घरात काढलेले फोटो डॉक्युमेंटनं पाठवू नका.

रॉ फॉरमॅटबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलबद्दल, वहिनींच्या पोरानं विचारलं होतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६, त्यामुळं उजेड ओढायला जागा जास्त, व्हाइट बॅलन्स नंतर हवा तसा. पण फाईल कितीतरी पट मोठी आणि प्रत्येक फोटो एडिट केल्याशिवाय सपकच दिसतो. पहिले दोन-तीन महिने विसरून जा.

आतेभावासारखे ज्यांना एकाच बसणीत चाळीस चपलांचे फोटो करायचेत त्यांच्यासाठी: एक फोटो मनासारखा करा, सेव्ह करा, पुढचा उघडला की लुक्समध्ये 'लास्ट एडिट्स' असतं, ते दाबलं की तेच सगळे बदल ह्याच्यावर चढतात. हे चालतं फक्त तेव्हाच जेव्हा सगळे फोटो त्याच कागदावर, त्याच खिडकीपाशी, साधारण त्याच वेळेला काढलेत. त्यानं सकाळी दहाला सुरू केलं, मधे जेवायला गेला, मग मित्र आले, आणि उरलेले वीस जोड संध्याकाळी पाचला काढले, ते वीस परत पहिल्यापासून करावे लागले.